बेळगावी स्वयंपाकघरातला कमी कर्बोदकांचा आहार : सोपी जेवणे आणि तीन गोड पदार्थ

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातल्या मराठी घरांत भाकरी किंवा चपाती, त्यावर भात आणि सणावाराला पुरणपोळी, मांडे किंवा दूध आटवून केलेला कुंदा हा जेवणाचा क्रम ठरून गेलेला आहे. त्यामुळे घरातल्या कोणाला डॉक्टरांनी कर्बोदके कमी करायला सांगितली की पहिला प्रश्न पडतो तो ‘मग ताटात राहिले काय?’ हाच. अशा वेळी मोबाइलवर पाककृती शोधल्या, तर त्यांत परदेशी चीज, अव्होकाडो आणि बदामाचे महागडे पीठ यांचीच गर्दी दिसते, आणि पंधरा दिवसांत खर्चाला व चवीला कंटाळून माणूस पुन्हा जुन्या ताटावर येतो. माझे ठाम मत असे आहे की या आहाराला लागणारे जवळजवळ सगळे सामान आपल्याच डब्यांत आहे. शेंगदाणे, कारळे, जवस, तीळ, सुके खोबरे, लोणी-तूप, ताक, अंडी, आणि बाजारात जुड्यांनी मिळणाऱ्या पालेभाज्या यांच्यावर आपल्याकडचा स्वयंपाक पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यांना भाकरीच्या जोडीला न ठेवता ताटाच्या मध्यभागी आणायचे, एवढेच काम आहे.

आधी काही खबरदारी

दिवसाला साधारण 130 ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके घेतली, तर त्याला कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. कीटो आहारात हे प्रमाण 20 ते 50 ग्रॅमपर्यंत खाली आणतात. हा लेख पहिल्या प्रकारासाठी आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू असतील आणि भाकरी-भात एकदम कमी केला, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, म्हणून औषधाची मात्रा डॉक्टरांकडून आधी बदलून घ्यावी लागते. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच गोळ्या घेणाऱ्यांना कर्बोदके फार कमी केल्यास रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. गरोदर व स्तनदा मातांनी, तसेच मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हा आहार स्वतःच्या मनाने सुरू करू नये. हे मी सुरुवातीलाच लिहितो आहे, कारण पाककृती वाचून झाल्यावर खबरदारीचा परिच्छेद सहसा कोणी वाचत नाही.

ताटातून काय जाते

एका मध्यम ज्वारीच्या भाकरीला साधारण 60 ग्रॅम पीठ लागते आणि त्यातून 40 ग्रॅमच्या आसपास कर्बोदके मिळतात. दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातातूनही तेवढीच मिळतात. दोन भाकऱ्या आणि वर थोडा भात असे एक जेवण झाले, की दिवसभराचा हिशेब तिथेच संपतो. ज्वारी मैद्यापेक्षा नक्कीच चांगली आहे, तिच्यात तंतुमय भागही अधिक असतो. मात्र ती कमी कर्बोदकांची आहे हा समज चुकीचा आहे. गुळाचेही तसेच आहे. आपला जिल्हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा, त्यामुळे ‘साखर नको, गूळ चालेल’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते; प्रत्यक्षात गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो आणि रक्तातल्या साखरेवर त्याचा परिणाम फारसा वेगळा होत नाही. बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत मुबलक पिकणारी रताळी, तसेच बटाटा, साबुदाणा, वरी आणि पिकलेली केळी यांनाही या आहारात जागा नाही. उपवासाच्या दिवशी म्हणूनच जास्त सांभाळावे लागते.

उलट बाजूला, 100 ग्रॅम फ्लॉवरमध्ये सुमारे 5 ग्रॅम कर्बोदके असतात आणि त्यांतली 2 ग्रॅम तंतुमय असतात. वांग्यात सुमारे 6 ग्रॅम, त्यांतली निम्मी तंतुमय. एका अंड्यात एक ग्रॅमही नसतात. शेंगदाण्यात 16 ग्रॅम आणि त्यांतला निम्मा भाग तंतुमय. तंतुमय भाग पचून साखर होत नाही, म्हणून एकूण कर्बोदकांतून तो वजा करून उरलेला आकडा धरण्याची पद्धत आहे. पुढे जिथे ‘पचणारी कर्बोदके’ म्हटले आहे, तिथे हाच अर्थ घ्यावा.

भाकरीच्या जागी : जवसाची भाकरी

भाकरी सुटली की सर्वांत मोठी अडचण पोटाची नसते, हाताची असते. रस्सा आणि भाजी उचलायला काहीतरी हवेच. यावर मला सापडलेला सर्वांत चांगला उपाय जवसाचा आहे. 100 ग्रॅम जवसात सुमारे 29 ग्रॅम कर्बोदके असतात आणि त्यांतली 27 ग्रॅम तंतुमय असतात. शिवाय जवसाच्या पिठात गरम पाणी पडले की ते चिकट होते, त्यामुळे गव्हाच्या चिकाशिवायही गोळा बांधला जातो. तांदळाच्या भाकरीची उकड जशी काढतो, तशीच ही काढायची.

एक वाटी जवस मंद आचेवर फक्त गरम होईपर्यंत भाजावे. चटणीसाठी भाजतो तसे तडतडू देऊ नये, नाहीतर भाकरीला कडवट वास येतो. पूर्ण गार झाल्यावर मिक्सरवर थांबत थांबत बारीक दळावे, कारण सलग फिरवल्यास जवस तापून तेल सोडते आणि पिठाचा लगदा होतो. दळलेले पीठ पुन्हा त्याच वाटीने मोजावे. एक वाटी पिठाला पाऊण वाटीपेक्षा किंचित कमी पाणी घ्यावे, त्यात मीठ आणि चिमूटभर ओवा घालून ते खळखळ उकळावे, गॅस बंद करून सगळे पीठ एकदम ओतावे आणि लाकडी चमच्याने जोराने ढवळावे. अर्ध्या मिनिटात पीठ पातेल्याच्या कडा सोडून गोळ्याच्या रूपात एकत्र येते. सैल वाटले तरी पीठ वाढवू नये. पाच मिनिटे झाकून ठेवले की ते आपोआप घट्ट होते.

हात सोसेल इतके कोमट झाल्यावर तेलाच्या हाताने मळून चार गोळे करावेत. ही भाकरी परातीत थापता येत नाही, तळाला चिकटते. दुधाची पिशवी कापून धुऊन घ्यावी, तिच्या दोन पापुद्र्यांत गोळा ठेवून हलक्या हाताने लाटावे, वरचा कागद सोलून भाकरी तळहातावर उलटी घ्यावी आणि मग खालचा कागद काढावा. लोखंडी तवा मध्यम तापलेला असावा. पहिली बाजू दीड-दोन मिनिटे हलवू नये. कडा किंचित वर उचलल्या गेल्या आणि वरचा ओलसर चकाकता रंग मावळला की उलटावी. ही भाकरी फुगत नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये. मात्र ती दुमडते, रस्सा धरते आणि गार झाल्यावरही मऊ राहते. एका भाकरीत पचणारी कर्बोदके एका ग्रॅमच्या आत, पण तंतुमय भाग 7 ग्रॅमच्या वर असतो. म्हणून सुरुवातीला एका जेवणात एकच घ्यावी आणि दिवसभर पाणी भरपूर प्यावे, नाहीतर पोट जड होते.

भाताच्या जागी : फ्लॉवर

अर्धा किलो फ्लॉवर तीन-चार माणसांना पुरतो. मोठे तुरे करून ते मीठ-हळदीच्या कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवावेत, म्हणजे अळ्या सुटतात. मग निथळून कापडावर पूर्ण कोरडे करावेत. ओल्या फ्लॉवरचा भात होत नाही, लगदा होतो, आणि बहुतेक जण इथेच फसतात. जाड किसणीवर किसल्यावर रुंद कढईत दोन चमचे तुपात जिरे तडतडवून, मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता पाच-सहा मिनिटे परतावे. मीठ अगदी शेवटी घालावे, कारण ते आधी घातले तर फ्लॉवरला पाणी सुटते. हा भात नुसता खाण्यात मजा नाही. त्यावर रस्सा, कढी किंवा सोलकढी हवीच.

भाज्या : ज्या मुळातच आपल्या बाजूच्या आहेत

भरली वांगी हा या आहाराचा कणा आहे असे मी म्हणेन. आठ लहान काटेरी वांगी देठ ठेवून चार चिरा देऊन मिठाच्या पाण्यात टाकावीत. दोन मोठे चमचे कारळे अगदी मंद आचेवर भाजावेत, कारण ते आधीच काळे असल्यामुळे जळाल्याचे डोळ्यांना कळत नाही. खमंग वास आला आणि दाणा तडकायला लागला की लगेच खाली उतरावे. एक मोठा चमचा तीळ, पाव वाटी सुके खोबरे आणि अर्धी वाटी शेंगदाणे वेगवेगळे भाजून, आठ लसूण पाकळ्यांसह भरड वाटावे. एक मध्यम कांदा बारीक चिरून शेंगतेलात चांगला तांबूस होईपर्यंत परतून त्यात मिसळावा, कारण या भाजीत आपण जो गुळाचा खडा टाकतो त्याची जागा हाच कांदा घेतो. चिंचेऐवजी दोन आमसुले घ्यावीत. घरचा कांदा-लसूण मसाला दोन चमचे, मीठ, हळद घालून वांगी भरावीत आणि तेलात अलगद ठेवून वर पाण्याचे ताट झाकावे. पंधरा-अठरा मिनिटांत वांगी शिजतात. मध्येच पाणी घालायचे झाले तर ताटावरचे गरम पाणीच घालावे, गार पाण्याने तर्री मोडते. चार जणांत वाटल्यास प्रत्येकी पचणारी कर्बोदके सात-आठ ग्रॅम येतात.

अंबाडी, जिला आपल्या शेजारच्या कन्नड घरांत पुंडी म्हणतात, तिच्या भाजीत एरवी ज्वारीच्या किंवा तांदळाच्या कण्या आणि तूरडाळ घालतात. त्या वगळून पाला उकडून, आंबट पाणी पिळून, त्यात अर्धी वाटी शेंगदाण्याचा जाडसर कूट आणि ठेचलेल्या हिरव्या मिरच्या घालाव्यात. वरून सढळ हाताने लसणाची फोडणी दिली की कण्यांची आठवण होत नाही.

झुणका पूर्ण सोडायची गरज नाही, त्यातले प्रमाण उलटे करायचे. शंभर ग्रॅम बेसनात सुमारे 58 ग्रॅम कर्बोदके असतात, पण मेथी, शेपू, कांद्याची पात किंवा कोबी यांची पीठ पेरून भाजी केली तर चार माणसांच्या भाजीला तीन मोठे चमचे, म्हणजे अंदाजे 30 ग्रॅम बेसन पुरते आणि प्रत्येकाच्या वाट्याला चारच ग्रॅम येतात. बेसन आधी कोरडे खमंग भाजून घेतले तर ते भाजीवर मोकळे पसरते आणि कमी असूनही चव देते.

सोबतीला कारळ्याची, जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी ताज्या लोण्यात किंवा दह्यात कालवून घ्यावी. विकतच्या चटणीत साखर किंवा गूळ असतो का हे विचारून घ्यावे, बऱ्याच ठिकाणी असतो.

सामिष जेवण

इथे सोडण्यासारखे फार थोडे असते. कोंबडीचे सुके, मटणाचे सुके, तळलेली मासळी हे सगळे चालते. फक्त मासळीला तांदळाचे पीठ किंवा रवा न लावता हळद, मीठ, आमसुलाचे आगळ आणि लाल तिखट लावून ती तव्यावर भाजावी. सुक्याला संकेश्वरी मिरचीचा झणझणीतपणा आणि ब्याडगीचा रंग अशी जोडी सुंदर जमते.

पांढरा रस्सा कोल्हापूरचा असला तरी निपाणीपासून खानापूरपर्यंत तो आपलाच झाला आहे, आणि फ्लॉवरच्या भातावर त्याच्यासारखे दुसरे काही नाही. अर्धा किलो कोंबडी हाडांसह आले-लसूण, मीठ आणि चार-पाच वाट्या पाणी घालून शिजवावी आणि अळणी, म्हणजे शिजवलेले पाणी, बाजूला काढावे. एक चमचा खसखस, एक चमचा तीळ आणि दहा सोललेले बदाम भिजवून गंधासारखे वाटावेत. इथे काजू टाळावेत, त्यांत बदामांपेक्षा पचणारी कर्बोदके बरीच जास्त असतात. तुपात लवंग, वेलदोडे, दालचिनी आणि मिरे परतून त्यात वाटण टाकावे, ते तांबूस होऊ न देता दोन मिनिटे हलवून अळणी ओतावे आणि उकळी आणावी. आच अगदी कमी करून मगच एक वाटी नारळाचे दाट दूध घालावे. त्यानंतर उकळी आली तर दूध फुटते, म्हणून कडेला बुडबुडे दिसताच उतरवावे.

न्याहारीला मेथी किंवा शेपू घालून केलेला दोन अंड्यांचा पोळा, किंवा कांदा कमी ठेवून केलेली पनीर भुर्जी पुरेशी होते. उप्पीट, पोहे, इडली यांना पर्याय शोधत बसण्यापेक्षा न्याहारीचा प्रकारच बदललेला बरा. पहिल्या आठवड्यात शरीरातून पाणी आणि मीठ जास्त बाहेर पडते, त्यामुळे डोके दुखते, गळल्यासारखे वाटते. रक्तदाबामुळे मीठ बंद नसेल तर मीठ-जिरे घातलेले एक पेला पातळ ताक त्यावर चांगले लागू पडते.

गोडाकडे वळताना : दुधातली साखर

बाजारात ‘शुगर फ्री’ कुंदा, पेढे, बर्फी मिळतात आणि लोक निर्धास्तपणे खातात. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. दुधात स्वतःची साखर असते, लॅक्टोज, दर 100 मिलिलिटरला सुमारे 5 ग्रॅम. एक लिटर म्हशीचे दूध आटवून साधारण पाव किलो खवा होतो, आणि आटवताना फक्त पाणी उडते, साखर जागच्या जागी राहते. म्हणजे वरून एक कणही साखर न घालता केलेल्या खव्यात दर 100 ग्रॅमला 20 ग्रॅम साखर असतेच. याउलट दूध नासवून पनीर किंवा दही बांधून चक्का केला, की लॅक्टोजचा मोठा भाग निवळीबरोबर वाहून जातो. या एका फरकावर आपले गोड पदार्थ उभे करता येतात. पाकिटावर माल्टिटॉल लिहिले असेल तर तेही टाळावे, ते रक्तातली साखर वाढवते.

गोडीसाठी एरिथ्रिटॉल किंवा स्टीव्हिया वापरता येते. एरिथ्रिटॉलची गोडी साखरेच्या सुमारे 70 टक्के असते आणि ते जास्त झाल्यास पोट बिघडते. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्टीव्हियासारख्या बिनसाखरी गोडव्यांवर अवलंबून राहू नये अशी शिफारस केली आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रक्तातले एरिथ्रिटॉलचे प्रमाण आणि हृदयविकाराचा धोका यांचा संबंध दिसला, मात्र एक दुसऱ्याचे कारण आहे असे त्यातून सिद्ध झालेले नाही. म्हणून गोड हे सणापुरते, रविवारपुरते ठेवावे, रोजचे करू नये.

पनीरचा कुंदा

एक लिटर म्हशीचे साय न काढलेले दूध उकळून गॅस बंद करावा आणि मिनिटभर थांबून, दोन चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घालावा. हिरवट निवळी वेगळी दिसू लागताच लिंबू थांबवावे आणि पेलाभर गार पाणी ओतावे, नाहीतर पनीर रबरासारखे होते. कापडात गाळून, पाण्याखाली धुऊन, हाताने पिळावे, पण वजनाखाली दाबू नये. कुंद्याला दाणा हवा असतो. हे साधारण 200 ग्रॅम पनीर बोटांनी मोकळे करून जाड बुडाच्या कढईत दोन मोठे चमचे तुपात मंद आचेवर परतावे. पहिली पाच-सात मिनिटे त्यातले पाणी चुरचुरत आटते आणि काहीच घडत नाही असे वाटते. मग तो आवाज थांबतो, तूप कडेला दिसू लागते आणि दाण्याला बदामी रंग चढू लागतो. इथून पुढे कढईजवळून हलू नये, सतत खरवडत राहावे. रंग हवा तसा आला की चार मोठे चमचे साय, तीन मोठे चमचे दळलेले एरिथ्रिटॉल, वेलदोड्याची पूड आणि किंचित जायफळ घालून दोन-तीन मिनिटांत उतरवावा. हलवायाच्या कुंद्याइतका गडद रंग येत नाही, कारण तिथे साखर तांबूस होत असते आणि एरिथ्रिटॉल तांबूस होत नाही. दाणा आणि भाजलेल्या दुधाचा वास मात्र पुष्कळ जवळ जातो. हा चार जणांना पुरतो.

करदंट

गोकाकचे करदंट, म्हणजे डिंक आणि सुक्या मेव्याची वडी, गुळाच्या पाकात बांधतात. इथे पाकाचे काम बदामाकडे द्यायचे. अर्धी वाटी भाजलेले बदाम मिक्सरमध्ये, मध्ये मध्ये थांबून, तेल सुटून लोण्यासारखे होईपर्यंत वाटावेत. पाव वाटी तुपात दोन चमचे डिंक थोडा थोडा टाकून फुलवावा; दाणा बोटाने दाबल्यावर आतून कडक लागला तर तो कच्चा आहे, पुन्हा तळावा. त्याच कढईत एक वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, अर्धी वाटी अक्रोडाचे तुकडे, पाव वाटी कलिंगडाचे मगज आणि एक चमचा खसखस हलके भाजावे. खारीक, खजूर, अंजीर, मनुका घालू नयेत. सगळे गरम असतानाच बदामाचे लोणी, चार चमचे दळलेले एरिथ्रिटॉल, जायफळ आणि चुरलेला डिंक मिसळून तूप लावलेल्या ताटलीत वाटीच्या बुडाने घट्ट दाबावे आणि दोन तास फ्रिजमध्ये ठेवून मग वड्या पाडाव्यात. वडी लहान असावी, कारण कर्बोदके कमी असली तरी सुक्या मेव्याचा आणि तुपाचा पदार्थ आहे, उष्मांक भरपूर असतात.

श्रीखंड

दाट दही जाड कापडात बांधून रात्रभर टांगावे, उन्हाळ्यात ते फ्रिजमध्ये गाळणीवर ठेवावे. चक्का जितका घट्ट तितकी त्यातली दुधाची साखर कमी. तो पुरणयंत्रातून काढून केशर, जायफळ आणि स्टीव्हियाचे दोन-चार थेंब घालावेत. चव घेत घेतच वाढवावे, कारण स्टीव्हिया जरा जास्त झाले की कडवट लागते. उरलेल्या निवळीत दुधाची साखर असल्यामुळे ती स्वतः पिऊ नये, घरातल्या इतरांच्या चपातीच्या कणकेत वापरावी.

लग्नकार्यात आणि पाहुण्यांकडे

आपल्याकडे पंगतीत ‘नको’ म्हटले की यजमानांना वाईट वाटते. त्यामुळे आधीच कोशिंबीर, पालेभाजी आणि ताक मोकळ्या मनाने मागून घ्यावे, म्हणजे ताट रिकामे दिसत नाही आणि आग्रहही थोडा कमी होतो. सामिष जेवण असेल तर सुके आणि अळणी घेऊन भात टाळता येतो. पुरणपोळीच्या दिवशी कटाची आमटी पातळ असली तरी तिच्यात डाळीचे पाणी आणि गूळ दोन्ही असतात, म्हणून ती वाटीभरच घ्यावी. दूरच्या गावी जायचे असेल तर जवसाच्या दोन भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून न्यावी, दिवसभर ती उत्तम राहते. करदंटाच्या वड्या मात्र उन्हाळ्याच्या प्रवासात नेऊ नयेत. बाहेर ठेवल्यावर त्यांतले तूप सुटून त्या मोडतात, फ्रिजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात त्या पंधरा दिवस टिकतात.